फॉर्मवर जागा एकाच नावाची: एका नॉमिनेशनची केस

ही केस आमच्याच संस्थेतली. माणसांची, संस्थेची, पुरस्काराची नावं घेत नाही, ओळख पटू नये म्हणून एकदोन बारीक तपशीलही हलवलेत. घडलं त्याचा क्रम मात्र तसाच ठेवलाय. आपल्याकडे पुरस्कार मिळाला की हारतुऱ्याचे फोटो येतात, पण नॉमिनेशनचा फॉर्म भरताना काय काय होतं ते कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितोय.

पार्श्वभूमी

मटेरियल्स सायन्समधल्या ब्रेकथ्रू कामासाठी देशपातळीवर दिला जाणारा एक पुरस्कार. वय ४५ च्या आत हवं, नॉमिनेशन संस्थेच्या प्रमुखाकडून जायला हवं आणि नाव एकच. आम्हाला कळेपर्यंत पंधराच दिवस उरले होते, कारण ते पत्र डायरेक्टर ऑफिसच्या इनबॉक्समध्ये महिनाभर निवांत पडून होतं (हे दरवर्षीचंच आहे, त्याबद्दल बोलत नाही).

आमच्या विभागात त्या वर्षी दाखवण्यासारखं एकच काम होतं, उसाच्या चिपाडापासून सोडियम-आयन बॅटरीसाठी केलेला हार्ड कार्बन. त्यामागे चार माणसं. सर, वय ५८, ग्रुप त्यांनी उभा केला, प्रोजेक्टचे पैसे त्यांनीच आणले. मॅडम, वय ४३, सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी, पेपरच्या मुख्य लेखिका. एक पीएचडीची मुलगी, जी तोवर जर्मनीला पोस्टडॉकला गेली होती. आणि काका, म्हणजे आमचे लॅब टेक्निशियन, फर्नेस त्यांच्या ताब्यात, रिटायर व्हायला वर्षभर उरलेलं.

मी शेजारच्या ग्रुपमधला. माझं मराठी-इंग्रजी बरं आहे असा समज असल्यामुळे मसुदा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

काम काय होतं

थोडक्यात सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. लिथियमच्या बॅटरीत ग्रॅफाइट चालतं, सोडियम मात्र ग्रॅफाइटच्या थरांत नीट शिरत नाही, त्यामुळे तिथे हार्ड कार्बन लागतो, म्हणजे थर वेडेवाकडे आणि मध्ये बारीक पोकळ्या असलेला कार्बन. कॅनडात स्टीव्हन्स आणि डान यांनी २००० साली ग्लुकोज जाळून केलेल्या अशा कार्बनमध्ये ग्रॅमला ३०० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास सोडियम साठतो हे दाखवलं, तेव्हापासून जगभर लोक नारळाच्या करवंटीपासून केळीच्या सालीपर्यंत काय काय जाळून बघतायत. आपल्याकडे साखर कारखान्यांमुळे चिपाडाला तोटा नाही. चिपाड ॲसिडने धुवायचं म्हणजे त्यातली बरीच राख निघते, वाळवायचं, आणि आर्गॉन वायू सोडत ट्यूब फर्नेसमध्ये १३०० अंशांपर्यंत तापवायचं. मग पूड करून फॉइलवर लेप, ग्लोव्ह बॉक्समध्ये (हवा न लागणाऱ्या बंद पेटीत) बटणाएवढा कॉइन सेल, आणि टेस्टिंगला.

गोची पहिल्याच चार्जला होते. समजा शंभर रुपये आत टाकले तर परत किती येतात? आमच्याकडे सत्तरच्या आसपास यायचे. बाकीचे कार्बनच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटचा जो थर बसतो त्यात खर्ची पडायचे, आणि पृष्ठभाग जितका जास्त तितका हा खर्च जास्त. आठव्या बॅचला अचानक आकडा ऐंशीच्या पुढे गेला. पेपर झाला, बऱ्यापैकी गाजला, एका कंपनीने सॅम्पलही मागवलं.

अडचण

फॉर्मवर एक रकाना होता, नामांकित व्यक्तीचं स्वतःचं निर्णायक योगदान, २५० शब्दांत. मी सरळ मॅडमचं नाव धरून बसलो आणि पेपरवरून लिहिलं की तापमान चढवण्याचा वेग मिनिटाला पाच अंशांवरून एक अंशावर आणण्याची कल्पना त्यांची. पेपरमध्ये काय होतं तर "आम्ही रॅम्प रेट ऑप्टिमाइझ केला". या 'आम्ही'चं 'यांनी' मी करून टाकलं, दोन सेकंदांत, विचारही न करता. माझी पहिली चूक तीच.

तारखा तपासायला जर्मनीला फोन केला तर मुलगी म्हणाली, "सर, ऑप्टिमाइझ कुणी केलं असं लिहिताय?" मी वाचून दाखवलं. ती जरा गप्प झाली, मग म्हणाली, "फर्नेसचं लॉगबुक बघा ना एकदा."

बघितलं. आठव्या बॅचसमोर काकांच्या अक्षरात, मराठीत: "नळी तडकते म्हणून १ ने चढवली. रात्री थांबलो." बस, एवढंच. आमची ॲल्युमिनाची ट्यूब त्याआधी वर्षभरात दोनदा तडकली होती, अशी ट्यूब पटकन तापवली की तडा जातोच, आणि नवी मागवायची म्हणजे सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून तीन महिने. काकांनी कुणाला न विचारता वेग कमी केला होता, ट्यूब वाचावी म्हणून.

मग रिझल्ट वेगळा आला हे सगळ्यांना दिसलं, पण कारण कुणालाच माहीत नव्हतं, सगळे ॲसिड वॉशला श्रेय देत बसले. लॉगबुक चाळून सातवी आणि आठवी बॅच शेजारी ठेवणारी ती मुलगी. मिनिटाला १, २, ५ आणि १० अंश अशी पद्धतशीर मालिका लावणारीही तीच. आणि मालिकेचा अर्थ लावला मॅडमनी, की हळू चढवलं तर आतले वायू सावकाश निघतात, बाहेर उघडी भोकं कमी राहतात, पृष्ठभाग घटतो म्हणून खर्च घटतो. नायट्रोजन शोषणाच्या मोजणीने त्यांनी ते सिद्धही केलं.

म्हणजे केलं एकाने, ओळखलं दुसरीने, समजावून सांगितलं तिसरीने, आणि ज्या फर्नेसवर हे झालं ती आणली चौथ्याने. आता फॉर्ममध्ये नाव एक.

समोरचे पर्याय

सरांच्या खोलीत चहावर बसलो, सर, मॅडम आणि मी. काकांना बोलवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, हे आत्ता लिहिताना जाणवतंय.

सरांचं पहिलं म्हणणं असं की एवढा कीस काढायचं कारण काय, मटेरियल्सच्या कामात कधी एकट्याने काही झालंय का, जगातल्या मोठ्या पुरस्कारांतही हेच होतं. हे खरंच आहे. लिथियम बॅटरीचंच घ्या. २०१४ साली अमेरिकेतला इंजिनिअरिंगचा ड्रेपर पुरस्कार त्यासाठी चौघांना मिळाला: गुडइनफ, योशिनो, ग्रॅफाइटचा इलेक्ट्रोड दाखवणारे याझामी आणि सोनीमध्ये बॅटरी बाजारात आणणारे निशी. २०१९ ला त्याच बॅटरीसाठी केमिस्ट्रीचं नोबेल आलं ते तिघांना: गुडइनफ, योशिनो आणि व्हिटिंगहॅम. याझामी आणि निशी बाहेर, व्हिटिंगहॅम आत. वस्तू एकच, पण एका समितीने ती बाजारात येईपर्यंतचा रस्ता बघितला आणि दुसरीने तिच्या मुळाशी असलेलं विज्ञान, शिवाय नोबेलला तिघांची मर्यादा. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, आजवरचे सगळ्यात वयस्कर विजेते, आणि आम्ही इथे ४५ च्या अटीत अडकलेलो, असं सर हसत म्हणाले, पण त्यांना ते लागलेलं होतं हे दिसत होतं.

मॅडमनी उलट उदाहरण दिलं, शेख्टमनचं. ८ एप्रिल १९८२ ला त्यांनी ॲल्युमिनियम-मँगनीजच्या झटकन थंड केलेल्या मिश्रधातूत मायक्रोस्कोपवर दहा ठिपक्यांचं वर्तुळ बघितलं, क्रिस्टलमध्ये जे शक्यच नाही असं पुस्तकं सांगायची. १९८४ च्या गाजलेल्या पेपरवर चार नावं आहेत, शेख्टमन, ब्लेक, ग्रातिया आणि कान, आणि २०११ चं नोबेल एकट्या शेख्टमनना. मॅडमचा मुद्दा असा की तिथे कुणाला फार खटकलं नाही, कारण मायक्रोस्कोपवर कोण होतं, वहीत कुणी लिहून ठेवलं, आणि दोन वर्षं सगळे वेड्यात काढत असताना आपल्या म्हणण्यावर कोण अडून बसलं हे स्पष्ट होतं. "आपल्याकडे वहीत कुणाचं अक्षर आहे, सर?" असं त्या म्हणाल्या आणि खोलीत जरा शांतता झाली.

मग पर्याय मांडले गेले. सरांचं नाव वयामुळे बादच होतं. मेंटर म्हणून त्यांचा ठळक उल्लेख करता आला असता आणि त्यांना तो हवा होता, तसं त्यांनी उघड म्हटलं नाही एवढंच. मुलीचं नाव द्यावं तर उमेदवार भारतात कार्यरत हवा अशी अट, त्यात ती बसत नव्हती. काकांचं नाव द्यायचं तर पीएचडी आणि पाच पेपर लागतात, आणि वयही गेलेलं. पुरस्कारांच्या नियमांत टेक्निशियन नावाचा माणूस अस्तित्वातच नसतो.

मी एक वेगळा रस्ता सुचवला, हा फॉर्म सोडून द्यायचा आणि टीमसाठी असलेल्या पुरस्काराकडे जायचं. केंद्र सरकारने जुने बरेच पुरस्कार गुंडाळून राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार सुरू केले त्यात 'विज्ञान टीम' असा प्रकार आहे, तीन किंवा जास्त जणांसाठी, २०२४ ला पहिल्यांदा तो चांद्रयान-३ च्या टीमला मिळाला. सर म्हणाले, "अरे, तिथे चांद्रयान आणि इथे आपलं चिपाड!" विषय संपला. मला अजूनही वाटतं तो इतक्या लवकर संपायला नको होता.

राहिला पर्याय मॅडमचा. पण त्यांनी अट घातली: रॅम्प रेटची कल्पना माझी असं लिहायचं नाही, जे झालं तसं लिहायचं, काका आणि मुलगी दोघांच्या वाट्यासकट. यावरून डायरेक्टर ऑफिसमधून फोन आला की असं लिहिलं तर केस कमकुवत होते, पुरस्कार समितीला "अपघाताने झालं" असं वाटेल. त्यांचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. २५० शब्दांपैकी ८० दुसऱ्यांवर खर्च केले तर उरतात १७०, आणि समोरचा उमेदवार २५० च्या २५० स्वतःवर लिहिणार.

मध्येच निघालेलं भलतंच

शब्दांची ही ओढाताण चालू असताना मी नेमकेपणासाठी लॉगबुकमधल्या वेळा लिहून घेतल्या. आठवी बॅच: चालू दुपारी ४ वाजता, १३०० ला पोचली दुसऱ्या दिवशी सकाळी ७.२५ ला. सहज कॅल्क्युलेटरवर मांडलं. खोलीचं तापमान ३० धरलं तर १२७० अंश चढायचेत, मिनिटाला एक म्हणजे १२७० मिनिटं, म्हणजे एकवीस तासांच्या वर. दुपारी ४ ला सुरू केलेली फर्नेस दुसऱ्या दिवशी दुपारी एकनंतर पोचायला हवी. वहीत सकाळचे ७.२५. जवळपास सहा तास गायब.

पेपरच्या मेथड सेक्शनमध्ये लिहिलेलं, मिनिटाला १ अंश, १३०० पर्यंत.

खाली गेलो, काका सिलिंडरचा रेग्युलेटर बसवत होते. विचारलं. ते म्हणाले, "सहाशेपर्यंत एकने, मग दोनने. वहीत नाही का लिहिलं? नसेल लिहिलं." का, तर बाहेर जाणारा वायू ज्या पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत जातो तिथलं पाणी पिवळं व्हायचं थांबलं की आतला धूर संपला असं ते धरतात, ते साधारण सहाशेला होतं, आणि पुढे तेवढं जपायची गरज नसते असा त्यांचा अनुभव. "आणि सकाळी आठला मला घरी जायचं होतं, पाहुणे येणार होते."

आता हिशोब जुळला: ५७० मिनिटं अधिक ३५० मिनिटं, पंधरा तास वीस मिनिटं.

पण पेपर चुकला होता. निष्कर्ष नव्हे, कारण मुलीच्या मालिकेत वेग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच होता आणि तिथेही एक अंशाचा आकडा जवळपास तेवढाच आला होता. ॲब्स्ट्रॅक्टमध्ये मिरवलेला सॅम्पल मात्र आठव्या बॅचचा, आणि त्याची कृती चुकीची छापलेली. कुणी तसंच करून बघितलं असतं तर काही बिघडलं नसतं, सहा तास वीज फुकट गेली असती फक्त. तरी कृती चुकीची ती चुकीचीच.

डेडलाइनला सहा दिवस होते. खरा निर्णयाचा क्षण हा, नावाचा वाद त्यापुढे काहीच नाही. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं, लॉगबुक मराठीत आहे आणि कपाटात आहे. दुसरा मार्ग, आधी नॉमिनेशन पाठवायचं आणि करेक्शन नंतर सावकाश. सरांचा कल तिकडे होता, "खोटं कुठे बोलतोय, फक्त क्रम बदलतोय." तिसरा, आधी जर्नलला करेक्शन आणि फॉर्मवर त्याचा उल्लेख.

मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने होतो हे कबूल करतो. मॅडम नव्हत्या. त्यांचा हिशोब वेगळा होता, त्या म्हणाल्या की पुरस्कार मिळाल्यावर करेक्शन गेलं तर लोक म्हणतील मिळेपर्यंत थांबले, आणि ते खरंच असेल. मुलीला फोन लावला, ती आधी घाबरली, कारण मेथड सेक्शन तिने लिहिला होता आणि तिची पुढची नोकरी त्या पेपरवर अवलंबून होती. मॅडम तिला म्हणाल्या, "तू वही बघून लिहिलंस, वहीत एवढंच होतं. शेवटचा हात माझा होता, सही माझी जाईल." तीस सेकंदांचं बोलणं असेल.

केलं ते असं

दोन दिवसांत करेक्शन गेलं, चार ओळींचं. काकांचं म्हणणं तपासायला मधल्या दिवसांत त्याच पद्धतीने एक बॅच काढली, सहाशेपर्यंत एकने आणि पुढे दोनने, यावेळी कंट्रोलरचं रेकॉर्डिंग चालू ठेवून. पृष्ठभागाचा आकडा जुन्याशी जुळला. कॉइन सेलचा डेटा डेडलाइनआधी येणं शक्य नव्हतं, म्हणून तो फॉर्ममध्ये घातला नाही.

फॉर्मवर नाव मॅडमचं. २५० शब्दांत हळू तापवल्याने फायदा का होतो ते उलगडणं आणि ते इतर शेतकचऱ्यावर लागू करून दाखवणं हे त्यांचं योगदान म्हणून लिहिलं, आणि सुरुवातीचं निरीक्षण कुणाचं, वेग कुणी बदलला हे दोन वाक्यांत. शिवाय एक पानाची पुरवणी, कुणी काय केलं त्याची. जर्नलं हल्ली क्रेडिट नावाची जी पद्धत वापरतात, १४ भूमिकांची यादी असलेली, त्यातल्याच भूमिका घेतल्या, म्हणजे आम्ही काहीतरी भावनिक लिहितोय असं वाटू नये. सरांचं नाव फंडिंग आणि सुपरव्हिजनसमोर आलं. ते पान सरांनी दोनदा वाचलं, काही न बोलता सही केली आणि नंतर आठवडाभर माझ्याशी जरा तुटकच वागले.

निकाल

मॅडम शॉर्टलिस्ट झाल्या, प्रेझेंटेशनला बोलावलं. तिथे एका परीक्षकांनी करेक्शनबद्दल विचारलंच, मॅडमनी पंधरा तास वीस मिनिटांचा हिशोब फळ्यावर मांडून दाखवला. पुरस्कार दुसऱ्या कुणाला मिळाला. कारणं कळवत नाहीत, त्यामुळे पुरवणीने नडलं, करेक्शनने नडलं की समोरचं काम खरंच सरस होतं, यावर आमच्याकडे फक्त चहाच्या गप्पा आहेत. माझं मत विचाराल तर समोरचं काम चांगलं होतं.

दोन टप्प्यांच्या रॅम्पवर पुढे वेगळा पेपर झाला, कमी वीज आणि तेवढाच फायदा असा. त्यावर काकांचं नाव लेखकांत तिसरं आहे. पहिल्या पेपरमध्ये ते "टेक्निकल स्टाफचे आभार" एवढ्यातच होते, बिननावाचे. प्रूफ त्यांना दाखवलं तर त्यांनी आडनावाचं स्पेलिंग दुरुस्त करायला लावलं, सर्व्हिस बुकात आहे तसंच पाहिजे म्हणाले. मुलीला नोकरी लागली, मुलाखतीत करेक्शनचा विषय निघाला होता आणि तिने ते न लपवता सांगितलं असं ती म्हणते.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, काकांना त्या पहिल्या चहाला बोलवायला हवं होतं. सहा तासांचा घोळ तिथेच निघाला असता, डेडलाइनला दोन आठवडे असताना. आम्ही चार दिवस त्यांच्याबद्दल बोललो, त्यांच्याशी बोललो नाही.

कुणी काय केलं हे पेपर सबमिट करतानाच लिहून ठेवलं असतं तर फॉर्मच्या वेळी हा ताण आला नसता, तेव्हा सगळे खुशीत असतात आणि आठवणी ताज्या असतात. इथे तीन वर्षांनी प्रत्येकाची आठवण प्रत्येकाच्या सोयीची झालेली. पैसा मध्ये आला की तर काय होतं हे निळ्या एलईडीच्या वेळी जपानमध्ये दिसलं. तो एलईडी बनवणाऱ्या नाकामुरांना कंपनीने पेटंटसाठी २०,००० येन दिले होते, २००४ ला कोर्टाने २,००० कोटी येन द्या म्हटलं, आणि २००५ ला साधारण ८४ कोटी येनवर तडजोड झाली. आकडे एवढे लांब लांब असतात याचा अर्थ वाटा कुणाचा किती हे आधी कुणी ठरवलेलंच नसतं. आमच्याकडे पणाला होतं ते एक स्मृतिचिन्ह, तरी सर आठवडाभर बोलले नाहीत.

टीमचा पर्यायही नीट तपासायला हवा होता, त्यासाठी निदान नियमावली तरी डाउनलोड करायची. आणि मुलीच्या मनावर त्या दोन दिवसांत जो ताण आला तो टाळता आला असता, तिला फोन करण्याआधी आपण जबाबदारी घेतोय हे मॅडमनी मला सांगून ठेवलं असतं तर मी पहिलंच वाक्य ते बोललो असतो. मी सुरुवात केली ती "मेथड सेक्शनमध्ये चूक सापडलीय" अशी, संध्याकाळी सात वाजता, ती एकटी लॅबमध्ये असताना.

लॉगबुकमध्ये आता एक जादा रकाना आखलाय, "बदल आणि कारण". अर्धे लोक त्यात "नाही" लिहितात. काका रिटायर झाले, फर्नेसच्या कंट्रोलरवर चार नंबरला त्यांचा प्रोग्रॅम सेव्ह आहे.

यंदाचं पत्र गेल्या आठवड्यात आलं, यावेळी वेळेवर. मॅडमना वयाच्या अटीत ही शेवटची संधी. मसुदा त्या स्वतः लिहिणार आहेत, परवा येऊन माझ्याकडून लॉगबुकची झेरॉक्स तेवढी घेऊन गेल्या.